झोपेच्या गोळ्या

मी शिकवते ती शाळा शनिवारी अर्धी असते. त्या शनिवारी मी दुपारी घरी आले ती पुढच्या दाराने न येता मागच्या बोळाने आले. पुढच्या रस्त्यावर लष्करी मोटारींची रांग लागली होती आणि सारा रस्ता धुळीने भरला होता, एवढंच त्याचं कारण. बोळाच्या वळणावरून आमचं मागचं फाटक दिसतं. फाटकात आई उभी होती आणि तिच्यासमोर एक शेतकरीण. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, शेजारी जमिनीवर ठेवलेली टोपली. आई पदराच्या टोकाची गाठ सोडत होती. गाठ सुटेना, तेव्हा तिने दात लावले. मग त्यातून काहीतरी लहानसं काढून तिने त्या बाईच्या हातावर ठेवलं. बाईने ते कपाळाला लावलं आणि चोळीत सरकवलं. टोपली उचलून ती माझ्या अंगावरून गेली तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कोण हे तिला ठाऊक असावं. मला ते कपाळाला लावणं आवडलं नाही. पैसे उकळणारी माणसंसुद्धा पैसे कपाळाला लावून घेतात.

"कोण होती गं?" मी आत जाऊन विचारलं.

"कोण?"

"आत्ता. फाटकात."

"ती होय. ताक मागत होती."

आमच्या घरात ताक नसतं. दूध येतं ते चहापुरतं. आईने हे इतक्या सहज सांगितलं, की तिला खोटं बोलण्याचा सराव आहे हे मला पहिल्यांदाच जाणवलं. आणि लगेच हेही जाणवलं, की तो सराव तिला आमच्याच घरात झाला होता, आम्हीच तो तिला दिला होता. मी चपला काढल्या, हातपाय धुतले. डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. त्या बाईला माहीत आहे. कसं ते ठाऊक नाही, पण माहीत आहे, आणि गप्प राहण्याबद्दल ती आईकडून काहीतरी नेते आहे.

काय माहीत आहे, ते आमच्या घरात कधी नाव घेऊन बोललं गेलं नाही. आम्ही 'ते' म्हणायचो. आईला 'ते' झालं. आज 'ते' होईलसं वाटतं. मी सात वर्षांची असताना पहिल्यांदा पाहिलं. आई ज्वारी निवडता निवडता थांबली, सुपाकडे पाहत राहिली, आणि मग तिच्या घशातून असा आवाज आला की तो तिचा नव्हता. सूप उडालं. ज्वारीचे दाणे फरशीवर तडतडत गेले आणि त्यांच्यामध्ये आई ताठ होऊन थरथरत होती. बाबा पलीकडच्या खोलीत वह्या तपासत होते. ते धावत आले, आणि त्यांनी आधी खिडक्या लावल्या. आधी रस्त्याकडची, मग शेजाऱ्यांकडची, मग आईपाशी बसले. हे मी पुढे कित्येकदा पाहिलं आणि दरवेळी क्रम तोच असायचा. माझे बाबा, कृपादान मास्तर, कठोर नव्हते. तिचं डोकं मांडीवर घेऊन ते तिच्या ओठांवरचा फेस स्वतःच्या धोतराने पुसत. पण खिडक्या आधी. मिशनच्या शाळेचे हेडमास्तर, त्यांची बायको तिथेच मुलींना विणकाम शिकवते, आणि ज्या खेड्यांत आमच्या आजे-पणजांनी ख्रिस्ती धर्म घेतला तिथे अशा माणसाच्या अंगात काय शिरलं आहे यावर लोकांचं एकमत असतं. वर्षातून एकदा उपासनेत शुभवर्तमानातल्या त्या मुलाची गोष्ट वाचली जाई, जो कधी विस्तवात पडे, कधी पाण्यात. त्या रोगाचं नाव मी ऐकलं ते तिथे, व्यासपीठावरून, दुसऱ्यांच्या तोंडून. आई तेव्हा पदर नीट करी. बाबा बुटांकडे पाहत.

लढाईआधी जर्मन गोळ्या मिळत. बाबा त्या मुंबईहून टपालाने मागवायचे, आणि त्या नियमित मिळत तोवर आई महिनेच्या महिने कोणत्याही बाईसारखी असे. गाणी म्हणे, वर्गातल्या मुलींच्या नकला करी. लढाई सुरू झाली, जर्मन माल बंद झाला, त्याच वर्षी बाबा गेले. मग मिशनच्या दवाखान्यातून तशाच विलायती गोळ्या मिळू लागल्या; त्या झोपेसाठीही देत. तिथे औषधं देणारे प्रभुदास. आमच्याच चर्चच्या मंडळीतले, बाबांचे विद्यार्थी, रविवारी वाचन करणारे. त्यांना खरं सांगणं म्हणजे साऱ्या मंडळीला सांगणं, असं आई म्हणाली. म्हणून डॉक्टरांपुढे मी उभी राहिले. मला झोप लागत नाही म्हणून सांगितलं. गोळ्या माझ्या नावावर आल्या, आणि नगरच्या ख्रिस्ती समाजात मी झोप न येणारी मुलगी झाले. प्रभुदास खिडकीतून पुडी देताना सल्ला द्यायचे. "दयाबाई, रात्री वाचन कमी करा. कोमट दूध घ्या." माझ्या लग्नाची बोलणी ज्या बायका करत असत, त्या हळूहळू करेनाशा झाल्या. वाचून वाचून डोकं तापलंय तिचं, म्हणत. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पण आईला वाटायचं, आणि ती मला जास्तीची साय वाढायची, जणू माझी झोप खरोखरच उडाली होती.

पुढे सरकारी हुकूम आला. माल लष्कराकडे जाऊ लागला. प्रभुदासांनी एके दिवशी पुडी दिलीच नाही. "झोपेसाठी आता नाही मिळायच्या," ते म्हणाले. "थोडा साठा आहे तो फेफऱ्याच्या पेशंटांसाठी राखून ठेवलाय." किती सहज उच्चारला त्यांनी तो शब्द, जसा खोकल्याचा उच्चारावा. मला वाटलं ते माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलले. मला वाटलं त्यांनी मुद्दाम वाट मोकळी करून दिली, आता बोल. मग वाटलं, सापळा आहे. मी म्हणाले, "असू द्या, मी दूध घेईन." घरी येऊन आईला सांगितलं. ती विणत होती. सुया थांबल्या नाहीत. "प्रभुदासला नाही सांगायचं, दये. मुलींच्या वर्गावर ठेवतील का मला मग? आणि तुझ्या बाबांनी एवढी वर्षं झाकलं ते काय मी मोडू?"

तेव्हापासून भिंगार. तिथल्या बाजारात राधाकृष्ण नावाच्या माणसाचं औषधांचं लहानसं दुकान होतं आणि छावणीतल्या ओळखींवर त्याला कुठूनतरी माल मिळायचा. कुठून, हे कोणी विचारत नसे. मी चालत जायची. वाटेत किल्ला लागतो. किल्ल्यात कोणत्या पुढाऱ्यांना कैदेत आणून ठेवलं आहे हे तेव्हा नगरमधल्या पोराटोरांना माहीत होतं, आणि तरी तिथून जाताना माणसं आवाज खाली करत, पावलं लांब टाकत. पहारेकरी माझ्या पिशवीकडे पाहत आणि मला वाटे, यांनाही गोळ्या दिसतात. राधाकृष्ण बाटलीतून गोळ्या कागदावर ओतायचा, बोटाने सरकवायचा, पुडी बांधायचा. त्याची नखं स्वच्छ होती. त्या स्वच्छ नखांवरही माझा विश्वास नव्हता.

"झोप अजून येत नाही का, बाई?"

"नाही."

"लढाई संपू द्या. सगळ्यांनाच येईल."

बाहेर पडल्यावर मी पुडीतली एक गोळी जिभेला लावून बघत असे. जर्मन गोळी कडू असायची. कडवटपणा जिभेवर उतरला की पुढची वाट सोपी व्हायची. पण अर्ध्या वाटेत पुन्हा शंका. वरून कडू, आत खडू असेल तर? आणि घरी डब्यात ठेवलेल्या गोळ्या मला नेहमी कमी वाटत. मी मोजून आणत असे. तरी चार दिवसांनी पुन्हा मोजल्या की दोन-तीन कमी भरत. आई म्हणायची, तू चुकली असशील. एकदा हसून म्हणाली, "पोलीसखात्यात जा तू. किल्ल्यावर तुझी गरज आहे." मी चुकले नव्हते. म्हणजे राधाकृष्ण माझ्या डोळ्यांदेखत, बोटाने सरकवता सरकवता, एखाददुसरी तळहातात ठेवून घेत होता. मी त्याच्या बोटांवर नजर ठेवू लागले. त्याला ते कळत होतं.

त्या शनिवारी फाटकातली बाई पाहिल्यावर हा सगळा संशय उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला. संध्याकाळी आई कोंबड्या कोंडायला मागे गेली तेव्हा मी डबा उघडला. मग तिची पेटी, गादीची उशाशी दुमडलेली कड, बाबांच्या जुन्या कोटाचे खिसे, शिवणाची टोपली. सगळं पाहिलं. फक्त फळीवरच्या देवाच्या वाटीला हात लावला नाही. देवाच्या वाटीला आमच्या घरात कोणीच हात लावत नाही. आईची ती जुनी रीत. घरात जे येईल त्याच्या दहा भागांतला एक वेगळा काढायचा. नवीन ज्वारीचं एक माप, दहातलं एक अंडं, रेशनच्या साखरेतलीही चिमूट. कापणीच्या सणाला ते सगळं चर्चमध्ये जायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. एका वर्षी बाबांनी आमच्याच कोंबडीची अंडी चढ्या भावाने परत विकत आणली आणि आई आठवडाभर हसत होती. "देवाला देऊन देवाकडूनच आणलीत, मास्तर. मधल्या मधे पाळकसाहेबांचं भलं."

आई आत आली तेव्हा पेटीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. तिने ते पाहिलं आणि नीट बसवलं. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. ती म्हणाली, मीठ कमी पडलंय. मी म्हणाले, नाही, बरोबर आहे. ती कंदिलाजवळ पाय पसरून बसली, टाचांना तेल लावलं, उद्या उपासनेला कोणतं पातळ नेसू विचारलं. मी म्हणाले, निळं. त्या दिवशी आमच्यात झालेलं हे शेवटचं बोलणं. मी तिच्याकडे पाठ करून निजले, कारण तिने मला फसवलं असं मला वाटत होतं.

सकाळी उजाडता न्हाणीतून तो आवाज आला. मी उठले. आणि धावत जाऊन मी आधी खिडक्या लावल्या. रस्त्याकडची, मग शेजाऱ्यांकडची. त्यानंतर न्हाणीत गेले. ती बादलीवर पालथी पडली होती, तोंड पाण्यात होतं, आणि शरीर शांत झालं होतं.

मी तिला ओढून बाहेर आणलं, कुशीवर केलं, हाका मारल्या. मग जेव्हा कळलं तेव्हा तिच्या जिभेवरचं रक्त पुसलं, ओठ मिटवले, केस कोरडे केले, आणि सगळं झाल्यावर दार उघडून शेजारणीला हाक मारली. चक्कर आली, पडली, म्हणून सांगितलं. सगळ्यांनी तेच एकमेकांना सांगितलं. प्रभुदास आले, कबरेशी त्यांनीच वाचन केलं. "सलाम, दयाबाई," एवढं म्हणून ते माझ्यापुढे जरा जास्तच वेळ उभे राहिले. मी जमिनीकडे पाहत होते. आईला निळं पातळ नेसवलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मी भिंगारला गेले. राहिलेल्या गोळ्या घेऊन गेले, त्याच्या फळीवर ओतल्या आणि म्हणाले, "यात काय आहे ते मला सांगा."

राधाकृष्णने त्यांना हात लावला नाही. "जे बाटलीवर लिहिलंय तेच."

"आणि कमी का भरायच्या?"

"बाई, तुम्ही माझ्या बोटांकडे कशा बघायच्या, मला दिसत नव्हतं होय? तुमच्यासमोर चोरी करायला माणसाला वाघाचं काळीज पाहिजे." मग आवाज खाली करून, किल्ल्याजवळून जाताना लोक करतात तसा, तो म्हणाला, "कोण आजारी होतं घरात? झोपेसाठी कुणी भिंगारपर्यंत चालत येत नाही."

मी गोळ्या गोळा केल्या. बाहेर येऊन एक जिभेवर ठेवली. कडू होती. दुसरी ठेवली. तीही कडू. मग मी रस्त्याच्या कडेला उभी राहून विचार करत राहिले, की यालाही माहीत होतं. पहारेकऱ्यांना, प्रभुदासांना, शेजारणीला. सगळ्या गावाला माहीत असतं आणि सगळं गाव आवाज खाली करून चालतं. मग आम्ही खिडक्या कोणासाठी लावत होतो?

ती शेतकरीण पुन्हा आली तेव्हा मी फाटकाला कडी घालून उभी राहिले. कोळशावर चालणाऱ्या मोटारीने आली असावी, काजळी तिच्या कानाच्या पाळीवर बसली होती.

"बाई हायेत का?"

"नाहीत. गेल्या."

"कुटं गेल्या?"

मी सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली, टोपलीशेजारी बसली आणि गळा काढून रडू लागली. शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकं दिसलं. माझ्या आईसाठी अजून असं कोणी रडलं नव्हतं. आमच्यात मोठ्याने रडत नाहीत. मी म्हणाले, "आत या." मला ती गप्प व्हायला हवी होती. आत घेतल्यावर मी उभ्यानेच विचारलं, "तुम्ही आईकडून काय न्यायचात?"

"तुमाला म्हाईत न्हाई?" तिने डोळे पुसले. "मी घोडेगावची, बायडाबाई. माजी सून हाय, भागू. तिला हाय त्ये."

"ते म्हणजे काय?"

"फेफरं," बायडाबाई म्हणाली. आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या चुलीसमोर. "हितंच पडली हुती बगा, तुमच्या बोळाच्या तोंडाला. लई मानसं जमली. कुनी कांदा फोडला, कुनी जोडा नाकाला लावला. तुमची आई आली पळत. सरका म्हनली, वारा येऊ द्या. जोडा फेकून दिला त्या मानसाचा. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. मी म्हनलं, बाई, शिवू नगा, अंगातलं हाय. तर म्हनल्या, भूतबित काय न्हाई, रोग हाय ह्यो. फेफरं म्हंत्यात. मलाबी हाय. आन माज्याकडं बघ, म्हनल्या, लेक मोठी झाली, केस पांढरं झालं, मेले का मी?"

मी खाली बसले. आईने ते भर रस्त्यात म्हटलं होतं. एका परक्या बाईला. माझ्यापाशी तिने तो शब्द कधी उच्चारला नव्हता, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर मत्सर. मग पुन्हा शंका, हिने बनवलेलं असेल. पण 'मेले का मी' हे आईचंच होतं. त्यातलं ते मान उडवणं मला बायडाबाईच्या मानेवरही दिसलं.

"गोळ्या द्यायची ती तुम्हाला?"

"महिन्याला दोन-तीन. अर्धी अर्धी करून देती मी पोरीला, तिचं महिन्याचं दिवस जवळ आलं म्हंजे. म्या म्हनलं, बाई, तुमालाच कमी पडत्याल. तर म्हनल्या, दहातली एक माजी नव्हंच. देवाची हाय. आन देव काय गोळ्या खातोय? ने तू."

मी उठून फळीवरची वाटी काढली. अंड्यांखाली कागदाची घडी होती, घडीत एक गोळी. जिभेला लावायची गरज नव्हती. दर दहाव्या दिवशी आई काहीच न घेता निजत होती. तो शनिवार त्यातलाच होता का, हे बोटांवर मोजायला मी सुरुवात केली आणि मोजणं सोडून दिलं. वाटीतल्या त्या एका गोळीने काही फरक पडला नसता; किंवा पडला असता. मला ते कधी कळणार नाही. गोळ्या खऱ्या होत्या, राधाकृष्ण खरा होता, बायडाबाई खरी होती, आणि एवढी सगळी खरी माणसं भोवती असताना आई बादलीत पडली.

घरात होत्या त्या सगळ्या गोळ्या मी बायडाबाईला दिल्या. भिंगारचा माल त्याच महिन्यात बंद झाला. मी म्हणाले, भागूला दवाखान्यात आणा, तिथे मिळतील. ती घाबरली. "दवाखान्यात नगं. घरात मानसं म्हंत्यात, अंगातलं आसंल तर उतरवू, रोग आसंल तर टाकू. रोगाचं नाव निगालं की माजा ल्योकबी ऐकायचा न्हाई. पोरीला आई न्हाई वो. कुटं जाईल?" मी बाबांनाच ऐकत होते. मी तिला खूप काही सांगू शकले असते, मी पुष्कळ वाचलेलं आहे. पण म्हणाले, "मी बरोबर येते." एवढंच.

आल्या दोघी. भागू असेल अठरा-एकोणीस वर्षांची, पदर नाकापर्यंत. मनगटावर जुन्या भाजल्याचा डाग, चुलीचा. डॉक्टरांनी आत नेऊन पाहिलं, चिठ्ठी दिली, आणि आम्ही प्रभुदासांच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभ्या राहिलो. रांगेत आमच्या मंडळीतल्या दोघी होत्या, पलटणीतला एक शिपाई होता, खेड्यातली माणसं होती. नंबर आला. प्रभुदासांनी चिठ्ठी वाचली, मला पाहिलं.

"सलाम, दयाबाई. पुन्हा झोपेचं?" मग चिठ्ठी पुन्हा वाचली. "नाही, हे तर... पेशंट कोण?"

भागू खिडकीपाशी सरकली. तिचे हात कापू लागले, भीतीनेच. पण मागून कोणीतरी म्हणालं, "अंगातलं दिसतंय, सरका मागं," आणि सगळी रांग एक पाऊल हटली. शिपाईसुद्धा हटला. मंडळीतल्या दोघींनी पदर आवरून घेतले. बायडाबाईने सुनेला पाठीशी घातलं आणि माझ्याकडे पाहिलं. पाहणं तसंच होतं, बोळातल्यासारखं. मी कोण हे तिला ठाऊक असावं असं.

"दयाबाई," प्रभुदास हलकेच म्हणाले, "आत या, आत बोलू." आणि त्यांनी खिडकीचं दार ओढून घ्यायला हात पुढे केला.

मी त्या दारावर हात ठेवला. जीभ कडू झाली होती.

"लावू नका," मी म्हणाले. मग रांगेकडे वळले, कारण हे त्यांनाच सांगायचं होतं. "घाबरायचं काही नाही. रोग आहे. माझ्या आईलाही होता. बनुबाई, कृपादान मास्तरांच्या. मुलींना विणकाम शिकवायच्या त्या. चक्कर येऊन नाही गेली ती. माझ्या आईला फेफरं होतं."